डॉक्टर आणि खासदार : नागपूरच्या एका सार्वजनिक आयुष्याचे चरित्र कसे लिहावे

दवाखाना सांभाळणाऱ्या डॉक्टरांनी सभागृहात जाण्याची परंपरा नागपुरात जुनी आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले नेत्रवैद्य डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे १९२६ च्या निवडणुकीत मध्यवर्ती कायदेमंडळावर गेले. डॉ. नारायण भास्कर खरे मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रीमियर, म्हणजे त्या काळचे मुख्यमंत्री, झाले, नंतर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले आणि अखेरीस पहिल्या लोकसभेचे सदस्य झाले. डॉ. श्रीकांत जिचकार हे वैद्यकातील पदव्युत्तर पदवी घेतलेले काटोलचे आमदार १९९२ ते १९९८ या काळात राज्यसभेत होते. अशा माणसांवर आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा जयंती-पुण्यतिथीच्या निमित्ताने. त्या लेखनात एक तर ओवाळणी असते, नाही तर जुने हिशेब चुकते केलेले असतात. महाविद्यालयातील विद्यार्थ्याने, स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने किंवा घरातल्याच एखाद्या जिज्ञासू नातवाने कागदपत्रांच्या आधारे असे चरित्र लिहायचे ठरवले, तर कामाला हात कुठून घालावा, हे येथे सांगितले आहे. उदाहरण मुख्यतः डॉ. खरे यांचे घेतले आहे, कारण त्यांचे आयुष्य इतक्या वेगवेगळ्या पदांवरून आणि वादांतून गेले आहे की चरित्रकाराची वाट चुकण्याच्या जवळजवळ सगळ्या जागा त्यात सापडतात.

आधी सनावळी, मग कथा

एकही परिच्छेद लिहिण्यापूर्वी चार रकान्यांची एक वही करावी. पहिल्या रकान्यात सन, दुसऱ्यात पद, तिसऱ्यात ते पद कोणी दिले किंवा कोणत्या मतदारांनी निवडून दिले, आणि चौथ्यात ही माहिती कोणत्या कागदावरून घेतली ते लिहावे. तिसरा रकाना बहुतेक लोक गाळतात आणि पुढच्या निम्म्या चुका तेथून सुरू होतात. खरे यांच्या बाबतीत ही वही साधारण अशी भरते : जन्म १८८४, पनवेल, शिक्षण जबलपूर आणि नंतर लाहोरचे वैद्यकीय महाविद्यालय, सरकारी वैद्यकीय सेवा, मग खाजगी व्यवसाय, १९३७ मध्ये प्रांताचे प्रीमियर, विधिमंडळातील काँग्रेस पक्षाचे नेते म्हणून, १९४३ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद, सरकारी नियुक्तीने, १९४७ मध्ये अलवर संस्थानाचे दिवाण, महाराजांच्या नेमणुकीने, १९४९ मध्ये हिंदू महासभेचे अध्यक्ष, १९५२ मध्ये लोकसभा, निधन १९७०. ही यादी नुसती समोर ठेवली तरी एक गोष्ट ध्यानात येते. ज्या माणसाला जनतेने निवडले, त्यालाच पुढे इंग्रज सरकारने नेमले, मग एका राजाने नेमले आणि अखेर पुन्हा जनतेने निवडले. चरित्राचा कणा येथेच आहे, आणि तो तिसऱ्या रकान्यावाचून दिसत नाही.

याच वहीमुळे एक मोठी चूकही टळते. डॉ. खरे पहिल्या लोकसभेत होते म्हणून अभ्यासक १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या निकालात नागपूर मतदारसंघ उघडतो, तर तेथे अनसूयाबाई काळे यांचे नाव दिसते. मग कोणीतरी ग्वाल्हेर सांगतो म्हणून तो ग्वाल्हेर पाहतो, तर तेथे विजयी उमेदवार हिंदू महासभेचे वि. घ. देशपांडे. खरे यांचे नाव कुठेच नाही, म्हणून ही माहितीच चुकीची असावी, असा निष्कर्ष काढून काही जण मोकळे होतात. खरी गोष्ट अशी की देशपांडे गुणा आणि ग्वाल्हेर अशा दोन्ही ठिकाणी निवडून आले होते, त्यांनी ग्वाल्हेरची जागा सोडली आणि त्या पोटनिवडणुकीत खरे निवडून आले. म्हणून कोणत्याही खासदाराचे सदस्यत्व तपासताना केवळ सार्वत्रिक निकालावर थांबू नये. पोटनिवडणुकांची यादी आणि त्या सभागृहाची सदस्य-परिचयपुस्तिका या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. नागपूरच्या डॉक्टरला ग्वाल्हेरच्या मतदारांनी का निवडले, हा प्रश्नही मग आपोआप उभा राहतो आणि त्याचे उत्तर त्या वेळच्या मध्य भारतातील हिंदू महासभेच्या बळात शोधावे लागते.

दवाखान्याचे प्रकरण गाळू नये

डॉक्टर-राजकारण्याच्या चरित्रात वैद्यकाला बहुधा दोन वाक्ये मिळतात : अमुक ठिकाणी पदवी घेतली, अल्पावधीत नावलौकिक मिळवला. हे अन्यायाचे आहे. माणूस चाळिशीपर्यंत ज्या कामात घडला, त्यावर दोन वाक्ये खर्च करून त्याच्या भाषणांवर दोनशे पाने लिहिली तर भाषणे कोणाची आहेत हे वाचकाला कळत नाही. त्या काळातील वैद्यकाची परिस्थिती आधी उभी करावी. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत नागपुरात पेनिसिलिन नव्हते, सल्फा औषधे नव्हती. प्लेगच्या साथी येत होत्या आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मध्य प्रांताला फार जबर तडाखा दिला. नागपुरात मेयो रुग्णालय होते, १९१४ पासून रॉबर्टसन मेडिकल स्कूल होते, पण आज ज्याला आपण सवयीने ‘मेडिकल’ म्हणतो ते महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले. अशा शहरात पदवीधर ॲलोपॅथिक डॉक्टर मोजके होते आणि त्यांच्या दवाखान्यात शहरातल्या महाल-बुधवारीपासून खेड्यांपर्यंतचे लोक येत.

दवाखाना वाचकाच्या डोळ्यांसमोर आणायचा असेल तर मोठी विशेषणे टाळून वस्तू दाखवाव्यात. कंपाउंडर काचेच्या बाटलीत मिक्श्चर भरतो, बाहेरून कात्रीने दातेरी कापलेली कागदाची पट्टी डिंकाने चिकटवतो आणि पट्टीच्या प्रत्येक खाचेला एक डोस, असे रुग्णाच्या नातेवाइकाला बोटाने दाखवून सांगतो. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही त्या खाचा मोजता येतात. असे एक चित्र दहा ओळींच्या गौरवापेक्षा अधिक सांगते. मात्र ते त्या काळच्या दवाखान्यांचे सर्वसाधारण चित्र म्हणून लिहावे. आपल्या चरित्रनायकाच्याच दवाखान्यात असे घडले, असे कागद किंवा प्रत्यक्ष साक्ष नसताना लिहू नये.

या भागासाठी साधने कोणती? वैद्यकीय पदवीसाठी त्या विद्यापीठाचे कॅलेंडर, सरकारी नोकरीसाठी प्रांतिक राजपत्र आणि नागरी सेवेच्या वार्षिक याद्या, खाजगी व्यवसायासाठी नोंदणीकृत डॉक्टरांची यादी आणि वर्तमानपत्रातील जाहिराती. मध्य प्रांताचे जुने सरकारी कागद दोन राज्यांत विभागले गेले आहेत, हे ध्यानात ठेवावे. १९५६ च्या पुनर्रचनेत वऱ्हाड आणि नागपूरचे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले व उरलेला प्रांत नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे एखादी फाइल पुराभिलेख विभागाच्या नागपूरच्या कार्यालयात मिळाली नाही तर ती नष्ट झाली असे न समजता भोपाळकडे चौकशी करावी.

जुलै १९३८ : एकाच घटनेचे चार कागद

प्रत्येक सार्वजनिक आयुष्यात एक घटना अशी असते की तिच्याबद्दल सगळ्यांना मत असते आणि तपशील फार थोड्यांना ठाऊक असतो. खरे यांच्या आयुष्यात ती घटना म्हणजे १९३८ चे मंत्रिमंडळ प्रकरण. चरित्रकाराने आपला निम्मा वेळ येथे घालवला तरी तो वाया जाणार नाही.

आधी पार्श्वभूमी समजून घ्यावी. मध्य प्रांत व वऱ्हाड हा एकच प्रांत असला तरी त्यात काँग्रेसच्या तीन प्रांतिक समित्या होत्या : नागपूर, विदर्भ आणि महाकोशल. पहिल्या दोन मराठी, तिसरी हिंदी. मंत्रिमंडळात एका बाजूला खरे आणि त्यांचे मराठी सहकारी होते, तर दुसऱ्या बाजूला महाकोशलचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता. मे महिन्यात पंचमढीला वरिष्ठ नेत्यांच्या मध्यस्थीने समेट झाला, पण तो टिकला नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात खरे यांनी राजीनामा दिला आणि इतरांनाही राजीनामे देण्यास सांगितले. महाकोशलच्या तिघांनी पक्षश्रेष्ठींच्या आदेशाविना राजीनामा देण्यास नकार दिला. तेव्हा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्या तिघांना पदावरून दूर केले आणि खरे यांना नवे मंत्रिमंडळ बनवू दिले. त्या मंत्रिमंडळात दलित समाजातील अग्निभोज यांचा समावेश होता. लगोलग शेजारच्या वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणी बसली, खरे यांना माघार घ्यावी लागली, त्यांच्यावर ठपका ठेवणारा ठराव झाला आणि रविशंकर शुक्ल प्रीमियर झाले.

हा घटनाक्रम लिहिणे सोपे आहे. त्याचा अर्थ लावणे अवघड आहे. त्यासाठी चार प्रकारचे कागद वेगवेगळे वाचावेत आणि वेगवेगळ्या पानांवर त्यांची टिपणे काढावीत. पहिला कागद कायद्याचा : १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या ५१ व्या कलमानुसार प्रांतातील मंत्री गव्हर्नरच्या मर्जीवर पदावर राहत, त्यामुळे वायली यांची कृती त्या कायद्याच्या चौकटीत बसते की नाही याचा विचार पक्षशिस्तीच्या प्रश्नापासून अलग ठेवावा लागतो. दुसरा कागद काँग्रेसचा : कार्यकारिणीचा ठराव, अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांची निवेदने, आणि महात्मा गांधींनी ऑगस्ट १९३८ मध्ये ‘हरिजन’मध्ये कार्यकारिणीच्या भूमिकेचे केलेले समर्थन. तिसरा कागद स्वतः खरे यांचा : त्यांनी आपल्या बचावात केलेले लेखन आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेले इंग्रजी आत्मचरित्र. चौथा कागद त्रयस्थांचा, आणि त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन फार महत्त्वाचे आहे, कारण १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी या प्रकरणाकडे मुख्यतः अग्निभोज यांच्या नियुक्तीच्या बाजूने पाहिले आहे.

या चार कागदांतून चार वेगळे प्रश्न निघतात. गव्हर्नरने अधिकाराचा वापर योग्य केला का. प्रांताचा नेता आपल्या मतदारांना जबाबदार की पक्षश्रेष्ठींना. मराठी आणि हिंदी भागांच्या चढाओढीचा यात किती वाटा होता. आणि दलित मंत्र्याच्या नेमणुकीला विरोध झाला का व कोणी केला. पुष्कळ लेखकांची गफलत अशी होते की ते आपल्याला जवळचा वाटणारा एक प्रश्न उचलतात आणि उरलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे त्यातच कोंबतात. माझे मत विचाराल तर दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण मुख्यमंत्री दिल्लीहून ठरतो की विधिमंडळ पक्षात, हा वाद भारतीय लोकशाहीत पुढे कधीच संपला नाही आणि त्याचा एक आरंभ नागपूर-वर्ध्याच्या त्या आठवड्यात दिसतो. तरीही चरित्रात चारही प्रश्नांना आपापली जागा द्यावी, आणि आत्मचरित्रातले वाक्य घेताना ते घटनेनंतर वीस वर्षांनी लिहिलेले आहे, हे वाचकाला तेथल्या तेथे सांगावे.

वर्तमानपत्रे पाहताना निदान दोन विरुद्ध कलांची पाहावीत. नागपुरात १९११ पासून निघणारे इंग्रजी ‘हितवाद’ आणि गोपाळराव ओगले यांचे मराठी ‘महाराष्ट्र’ ही दोन्ही त्या काळातील महत्त्वाची पत्रे आहेत. जुन्या फाइली हाताळताना पान कोपऱ्याला धरून उलटू नये, कारण पिवळा पडलेला कागद तेथेच प्रथम तुटतो; तळहात खाली सरकवून पूर्ण पान उचलावे. फोनवर छायाचित्र घेताना आधी पत्राचे नाव, तारीख आणि पान यांचे एक छायाचित्र घ्यावे आणि मग बातमीचे. केवळ बातमीचे कात्रण घरी आणले की महिन्याभराने ते कोणत्या तारखेचे हे कोणालाच सांगता येत नाही.

सभागृहाचे वृत्तांत कसे वाचावेत

संसदीय कारकीर्द लिहायची तर सभागृहाचे छापील वृत्तांत वाचल्यावाचून इलाज नाही, आणि आता ते बव्हंशी संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात घरबसल्या पाहता येतात. मात्र शोधताना सभागृहाचे त्या वेळचे नाव वापरावे. ‘लोकसभा’ हे नाव मे १९५४ मध्ये रूढ झाले. त्याआधीची दोन वर्षे इंग्रजी वृत्तांतांवर ‘हाउस ऑफ द पीपल’ असे नाव आहे. त्या काळात प्रश्नोत्तरे एका भागात आणि उरलेले कामकाज दुसऱ्या भागात छापले जाई. ज्याने एकच भाग पाहिला त्याला सदस्याचे अर्धे काम दिसतच नाही. पानावर दोन स्तंभ असतात आणि क्रमांक स्तंभांना दिलेले असतात, म्हणून टिपणात स्तंभाचा क्रमांक लिहावा.

एका खासदाराची एका अधिवेशनातील सगळी भाषणे सूचीवरून काढून ती विषयवार लावावीत : परराष्ट्र, अर्थ, आरोग्य, संस्थाने, निर्वासित, भाषावार प्रांतरचना. मगच ठरवावे की त्याच्यातला डॉक्टर सभागृहात बोलत होता का. ‘डॉक्टर असल्याने त्यांनी देशाची नाडी अचूक ओळखली’ यासारखी वाक्ये आपल्या चरित्रवाङ्मयात शेकड्यांनी सापडतात. त्यांना आधार कोणताच नसतो. आरोग्यावरच्या चर्चेत तो किती वेळा उठला, कोणता उपप्रश्न विचारला, मंत्र्याच्या उत्तराने त्याचे समाधान झाले की त्याने पुन्हा विचारले, हे पाहावे. उपप्रश्नात सदस्याची तयारी उघडी पडते, कारण मूळ प्रश्न त्याला कोणी लिहून देऊ शकतो, पण मंत्र्याच्या उत्तरावर त्या क्षणी सुचलेला उपप्रश्न त्याचा स्वतःचा असतो. सभागृहात व्यत्यय आला, अध्यक्षांनी खाली बसायला सांगितले, शब्द मागे घ्यावा लागला, तर तेही जसेच्या तसे नोंदवावे.

अप्रिय प्रकरणे आणि अनपेक्षित प्रकरणे

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात खरे गेले म्हणून राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात त्या तीन वर्षांवर बहुधा एकच शेरा असतो. चरित्रकाराने तेथे थांबू नये. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते आणि तोच काळ दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवर जमीनखरेदीची बंधने लादली जाण्याचा होता. १९४३ मध्ये तेथे आलेल्या कायद्याने डर्बनमध्ये गोऱ्यांकडून भारतीयांना मालमत्ता घेणे जवळजवळ अशक्य केले. भारताने आपला परस्परव्यवहाराचा, म्हणजे जशास तसे वागवण्याचा, कायदा दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या नागरिकांना लावला, आणि १९४६ मध्ये आपला हायकमिशनर परत बोलावून व्यापारही तोडला. या धोरणात खरे यांचा वाटा किती, हे मध्यवर्ती कायदेमंडळातील त्यांच्या निवेदनांवरून आणि राष्ट्रीय अभिलेखागारातील त्या खात्याच्या फाइलींवरून ठरवता येते. इंग्रजांच्या मंडळात बसलेला माणूस गोऱ्या राजवटीविरुद्ध पाऊल उचलतो, ही विसंगती सोपी करून सांगण्याचा मोह आवरावा; ती आहे तशी मांडावी.

अलवरचे प्रकरण याहून कठीण आहे. १९४७ मध्ये अलवरमध्ये मेव मुसलमानांवर भीषण अत्याचार झाले, असंख्य माणसे मारली गेली आणि कुटुंबेच्या कुटुंबे परागंदा झाली, आणि त्या वेळी राज्यकारभार दिवाण म्हणून खरे यांच्या हाती होता. गांधीहत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये भारत सरकारने अलवरचा कारभार आपल्याकडे घेतला आणि महाराजांना व खरे यांना दिल्लीत थांबवून त्यांची चौकशी केली. गांधीहत्येच्या कटाशी त्यांचा संबंध चौकशीत शाबीत झाला नाही. हे दोन मुद्दे एकमेकांत मिसळू देऊ नयेत. कटाच्या आरोपातून मुक्तता म्हणजे मेवांच्या हत्याकांडाबाबतच्या जबाबदारीतूनही मुक्तता नव्हे, आणि उलट, मेवांच्या प्रकरणावरून हत्येच्या कटाचा आरोप ध्वनित करणेही योग्य नव्हे. नागपुरात आजही या आयुष्याबद्दल ममत्व असणारी माणसे आहेत, त्यांना हे प्रकरण थोडक्यात आटोपावे असे वाटेल. पण येथे मेवांच्या साक्षी आणि आठवणी वाचल्याशिवाय लेखणी उचलू नये, कारण मारले गेलेल्यांच्या बाजूने आत्मचरित्र लिहिणारे कोणी उरले नव्हते.

आठवणी, दंतकथा आणि त्यांची पारख

नजीकच्या काळातील डॉक्टर-खासदारावर लिहायचे असेल तर कागद कमी पडण्याऐवजी कथाच फार होतात. डॉ. जिचकार यांच्याबद्दल नागपुरात वीस पदव्यांची गोष्ट शाळकरी मुलांनाही पाठ आहे. १९८० मध्ये पंचविसाव्या वर्षी आमदार झालेला आणि २००४ मध्ये अपघातात अकाली गेलेला हा विलक्षण बुद्धीचा माणूस होता, यात वाद नाही; म्हणूनच त्याच्यावर लिहिताना प्रत्येक पदवीचे नाव, विद्यापीठ आणि वर्ष दीक्षान्त समारंभाच्या नोंदींवरून मिळवून एकेक करून मांडावे. मोठ्या आकड्यापेक्षा अशी यादी त्याच्या कष्टांना अधिक न्याय देते.

आठवणी घेण्यासाठी घरी जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये; एखादे जुने छायाचित्र किंवा बातमीची प्रत सोबत न्यावी. ‘काका, डॉक्टरसाहेब कसे होते?’ असे विचारले की ‘देवमाणूस होते’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी छायाचित्र पुढे ठेवून ‘यात मागे उभे असलेले कोण?’ असे विचारावे, म्हणजे नावे निघतात, नात्यांचा उलगडा होतो आणि धंतोलीच्या कोणत्या घरात बैठका होत हेही कळते. जिवंत माणसांची खाजगी माहिती, आजारपणे आणि घरगुती भांडणे परवानगीवाचून छापू नयेत, आणि डॉक्टरच्या रुग्णांची नावे तर परवानगी मिळाली तरी गाळावीत.

शेवटच्या प्रकरणासाठी दोन नोंदी आवर्जून मिळवाव्यात. माजी सदस्याच्या निधनाचा उल्लेख सभागृहात होतो आणि तो वृत्तांतात छापला जातो. खरे यांच्यासाठी तो १९७० च्या वृत्तांतात शोधावा. त्याच आठवड्यातील नागपूरच्या दैनिकांतील मृत्युलेख त्याच्या जोडीने वाचावेत. सभागृहाने कोणत्या पदांचा उल्लेख केला, कोणते गाळले, आणि गावातल्या पत्रांनी प्रीमियर आधी लिहिले की डॉक्टर, हे पाहून त्या नोंदींतील वाक्ये तारखांसह चरित्रात उतरवावीत.